लेण्याचं कोण सांगणार

धारखेडा, ता. अंबड
रविवार, ५ जानेवारी २०२५

प्रिय प्रेम,

चौदा वर्षांनी माझं, कल्याणचं, पत्र आलं म्हणजे गावात कुणीतरी गेलं असणार, असं वाटून घाबरू नकोस. आई चौऱ्याहत्तरची झाली आणि रोज एकदा तरी माझ्यावर ओरडते, म्हणजे तब्येत उत्तम आहे. फोन तुला लागत नाही. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला वर्षानुवर्षं एकच टिक. म्हणून नांदेडच्या तुझ्या कॉलेजचा पत्ता शोधला आणि दुकानात जाऊन पाकीट मागितलं. दुकानदार म्हणाला, "लग्नाचं का?" साधं पत्र लिहायचंय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टाक आणि दऊत मागतोय.

आता मुद्दा. परवाना आला! हे तीनदा लिहायचं होतं, पण कागद पुरवून वापरायचा आहे. तुला ठाऊक नाही म्हणून सांगतो. आपल्या टेकडीच्या पायथ्याचं सहा एकर रान होतं ना, जिथं आम्ही कापूस लावायचो, तिथं आता द्राक्षं आहेत. खायची नव्हेत, वाईनची. ती पाहुण्यांना चाखवायचा आणि विकायचा परवाना आता आला. मी नाशिकला सहा महिने राहून ते काम शिकून आलो. शेडमध्ये स्टीलच्या चार टाक्या आहेत आणि त्यातल्या एकीत गेल्या वर्षीची शिराझ, लाल वाईन ती, अशी काही झाली आहे की मी रोज सकाळी तिला नमस्कार करतो. दैवशाला, म्हणजे माझी बायको, म्हणते की लग्नात तिच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. छत्रपती संभाजीनगरला संध्याताई म्हणून एक सहली नेणाऱ्या बाई आहेत. त्यांच्याबरोबर बोलणी झाली. अर्ध्या दिवसाची सहल! पाहुणे सकाळी सातला वडीगोद्रीला उतरणार, तिथून आपल्या गाडीत गावात. आधी पाझर तलाव. थंडीत तिथं चक्रवाक येतात, आठवतं? आपण त्यांना "भगवी बदकं" म्हणायचो. मग हिवराच्या वाटेनं टेकडी, टेकडीवर लेणं, आणि खाली उतरून आंब्याखाली बसून वाईन चाखायची. एकच्या आत सगळे मोकळे. पहिली तुकडी १६ फेब्रुवारीला, रविवारी. बारा माणसं.

निसर्गाचं मी सांगेन, वाईनचं मी सांगेन. लेण्याचं कोण सांगणार? गाव त्याला अजून "भीमाची खोली" म्हणतं. बारावीत असताना तू कोळसा घासून दारावरची तीन अक्षरं कागदावर उतरवून घेतली होतीस. तू इतिहासाचा प्राध्यापक झालास तो त्या टेकडीमुळेच. तर १६ तारखेला ये. त्या बारा माणसांना लेणं सांग. मग आंब्याखाली माझ्याशेजारी बस.

नोकरी लागल्यावर तू मोठा माणूस झालास आणि आम्हाला विसरलास, असं मी गावात सगळ्यांना सांगत असतो. ते खोटं पाड.

तुझा
कल्याण


मंगळवार, १४ जानेवारी २०२५

प्रिय प्रेम,

तिळगूळ पाकिटात टाकणार होतो, पण तिकिटावर वितळला तर पोस्टमन मला शोधत येईल.

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझ्याकडे सांगायला इतकं आहे की उत्तराची वाट बघत बसलो तर पोट फुटेल.

आज सकाळी आम्ही रंगीत तालीम केली! संक्रांतीची सुट्टी, सगळे घरी. म्हटलं, गावातलेच सात जण पाहुणे म्हणून घेऊ. अप्पाराव आलाच, तो नसेल तर गावात काही घडलं असं कुणी मानत नाही. नवं धोतर आणि डोक्याला कडक पांढरी टोपी. तलावावर त्यानं चक्रवाक बघून "ह्याचा रस्सा कसा लागंल?" असं विचारलं. टेकडी चढताना तो सगळ्यांना मी सांगायच्या आधी सांगत होता, "हा हिवर, ह्याला काटे असतेत." लेण्यात वटवाघळांनी त्याची टोपी पाडली. तिथवर सगळं झकास.

मग आंब्याखाली टेबल. पांढरी चादर, दांडीचे काचेचे पेले, मी नाशिकहून आणलेले. मी मोठ्या थाटात शिकवलं. पेला असा धरायचा. गोल फिरवायचा. नाक आत घालून वास घ्यायचा. मग एक छोटा घोट, जिभेवर घोळवायचा. सातही जणांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "घ्या आता."

आणि प्रेम, सातच्या सात जणांनी मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि पेला एक वीत वर धरून वरून धार सोडली!

ओठ कुणाचा लागू द्यायचा नाही ना. जन्मात कधी भांडं उष्टं केलेलं नाही. पाण्याचा तांब्या जसा वरून प्यायचा तशीच माझी शिराझ. वास कुठला, घोळवणं कुठलं, सरळ घशात. अप्पारावला ठसका लागला आणि त्याचं नवं धोतर जांभळं झालं. मी म्हणालो, "अप्पाराव, ओठाला लावा की!" तर म्हणाला, "आरं काचंचा पेला हाय, उष्टा कशाला करायचा? मंग धुयाचा ताप बाईमाणसाला." दैवशाला मागे हसून हसून खाली बसली. मग पाहुणे घोट तोंडात फिरवून थुंकतातसुद्धा, हे मी सांगितलं, तर आई ओसरीवरून ओरडली, "द्राक्षावर थुंकून राह्यले तर माझ्या वावरात पाय ठिवू नका म्हणावं!"

मी इतका हसलो की बरगड्या दुखल्या. तू असतास तर आपण दोघं टेकडीवर पळून गेलो असतो हसायला, शाळेत असताना गुरुजींचा चष्मा ताकात पडला होता तेव्हासारखे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू आम्हाला विसरलास. ते लिहून झाल्यापासून बरोबर वाटत नाही. विसरला नाहीस. तू आला होतास, नोकरीचे पेढे घेऊन. चहाचा कप न पिता ठेवलास आणि गेलास. आईच्या काही जुन्या सवयी होत्या. तुला त्या लहानपणापासून माहीत होत्या, म्हणून मला वाटलं तू मनावर घेणार नाहीस. जुनी माणसं, काय करणार? आता तिचीही उमर झाली आहे. एवढ्यावरून चौदा वर्षं?

ये ना. बसचा खर्च मी देतो. तलावावर आज एकोणीस चक्रवाक होते.

कल्याण


सोमवार, २७ जानेवारी २०२५

प्रिय प्रेम,

संध्याताई काल स्वतः येऊन सगळं बघून गेल्या! बरोबर तीन पाहुणे होते. त्यांना आवडलं तर १६ तारीख पक्की, नाहीतर नाही, असं होतं. मी आदल्या दिवशी टेकडीची वाट झाडून काढली. टेकडीची वाट! दैवशाला म्हणाली, "आता रांगोळी बी घाला वरपर्यंत."

सकाळी धुकं होतं. तलावावर आम्ही पोचलो आणि धुक्यातून चक्रवाकांचा आवाज आला, तो आँग आँग असा, आणि मग एकदम सगळे उठले, भगवे पंख, खाली पांढरं पाणी. पाहुण्यांपैकी एक तरुण मुलगी होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं मीच तो थवा पाळून ठेवलाय. वाटेत तितर पळाले, मोराचं पीस सापडलं. लेण्याच्या कपाळावर आग्या मोहोळ आहे, तिथं सगळ्यांना बोलणं बंद करून खालून चालवलं. तेवढाच थरार पण झाला.

मग लेणं. मी पाठ करून ठेवलं होतं. "ही भीमाची खोली. वनवासात पांडव इथं राहत होते. हे त्यांचे दगडी पलंग, ही दगडी उशी." तीन पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक बाई होत्या, बारीक काड्यांचा चष्मा, हातात काठी. त्यांनी लेण्यातल्या तिन्ही खोल्यांत डोकावून बघितलं आणि विचारलं, "पांडव पाच ना हो? पलंग तीनच?"

मी म्हणालो, "दोघं पहाऱ्यावर असतील."

सगळे हसले. त्या बाईही हसल्या, पण मग त्या दारावरच्या अक्षरांखाली उभ्या राहिल्या, चष्मा वर करून, आणि म्हणाल्या, "हे तर भिक्खूंचं राहायचं ठिकाण आहे. वर लिहिलंय काय, तुम्हाला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या टेकडीखाली राहतो मी. मी म्हणालो, "माझ्या दोस्ताला माहीत आहे." त्या म्हणाल्या, "मग तो कुठं आहे?"

नांदेडला आहे म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

वाईन मात्र त्यांना फार आवडली. शिराझला संध्याताईंनी दोनदा मान डोलावली. अप्पाराव न बोलावता आला होता आणि त्यानं पाहुण्यांना वरून प्यायची कला करून दाखवली, यावेळी धोतर सांभाळून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे भांडं उष्टं करत नाहीत, एक तांब्या असला तरी दहा माणसं पाणी पितात, कुणाला अडचण नाही. त्या मुख्याध्यापक बाईंनी पेला खाली ठेवला आणि साधेपणानं विचारलं, "दहाच्या दहा?"

मी शिराझच्या सालीबद्दल बोलायला लागलो. रंग सालीतून येतो, असं काहीतरी. पाच मिनिटं बोलत होतो बहुतेक.

१६ तारीख पक्की झाली. संध्याताई जाताना म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण लेण्याचं तेवढं बघा." मी खूष आहे, फार खूष आहे. काल दुपारी मी एकटाच शेडमध्ये नाचलो. तरी हे पत्र लिहायला बसलो की मुख्याध्यापक बाईंचे ते दोन शब्द परत ऐकू येतात.

कल्याण


सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रेम,

आज हसवायला काही नाही. थोडं आहे, पण ते शेवटी.

शनिवारी दुपारी अंगणात पेले धुवायचं काम चाललं होतं. मी धुतोय, दैवशाला पुसतेय, आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलतेय. दैवशालानं विचारलं, "तुम्ही नांदेडला ही पत्रं लिहून राह्यले, ते तुमचे दोस्त आपल्या घरून रुसून कशानं गेल्ते?" मी म्हणालो, "जुनी गोष्ट. आईनं त्याला वेगळ्या कपात चहा दिला." मी हे चौदा वर्षं सांगत आलोय. स्वतःलाही. इतक्या वेळा सांगितलंय की जीभ आपोआप वळते.

आईच्या हातातली शेंग थांबली. ती म्हणाली, "कोणी दिला?"

मी धुतलेला पेला पुन्हा विसळायला घेतला.

ती म्हणाली, "कल्याण, कप म्या ठिवला व्हता. कोनाड्यात. तुझ्या आजीनं ठिवायला लावला आन म्या ठिवला, ते माझ्या माथी हाय, म्या न्हाई म्हणत न्हाई. पर त्या दिशी म्या घरी कुठं व्हते? म्या तुझ्या मावशीकडं वाटूरला गेल्ते. चूल तू पेटवली. चहा तू केला. फडताळात सा कप व्हते फुलाफुलाचे. कोनाड्यात हात कोणी घातला?"

दैवशाला माझ्याकडे बघत होती. पेला पुसायचं तिनं थांबवलं होतं.

प्रेम, तुला हे सगळं माहीत आहे. तू तिथं बसला होतास. तूच बघितलंस की चहा मी घेऊन आलो. म्हणून तू आईवर कधी चिडला नाहीस, माझ्यावर चिडलास. माझ्या दुसऱ्या पत्रात "आईच्या सवयी" वाचून तुला काय वाटलं असेल!

विचार न करता, सवयीनं हात कोनाड्यात गेला, असं लिहायचं ठरवलं होतं. तेही खोटं आहे. मी आधी फडताळ उघडलं. फुलांचा कप काढला. हातात धरला. मग ओसरीवरून अप्पाराव खोकला. तो बाहेर बसला होता, तुझ्याशी नोकरीबद्दल बोलत. मला वाटलं हा बघेल आणि सगळ्या गावात सांगेल. मी फुलांचा कप परत ठेवला आणि कान तुटलेला तो पांढरा कप काढला. एवढ्या वेळात मी ठरवलं. दोन श्वासांचा वेळ असेल. तू नोकरी लागलेला माणूस, नवा शर्ट, मांडीवर पेढ्यांचा डबा आणि एक वही. तू कपाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि मी म्हणालो, "पी की, थंड होईल."

त्यानंतर मी तुझे पेढे खाल्ले. तू गेल्यावर. चार.

तू ती वही कशाला आणली होतीस ते मला आत्ता कळतंय. अक्षरांचं सांगायला आला होतास ना? एम.ए. झाल्यावर सांगतो म्हणाला होतास.

अजून एक. पहिल्या पत्रात मी असं लिहिलं की तुझ्याशिवाय लेण्याचं सांगणारा कुणी नाही. संध्याताईंनी पहिल्याच दिवशी गाईड देऊ केला होता, शिकलेला, मराठी-इंग्रजी दोन्ही. मी नको म्हणालो. लेण्याचं निमित्त होतं. मला तू यायला हवा आहेस. तू नाही आलास तर ते गाईड येतील, सहल होईल, पाहुणे खूष होतील, आणि मी आंब्याखाली उभा राहून शिराझच्या सालीबद्दल बोलत राहीन, आयुष्यभर.

माझं चुकलं, प्रेम. त्या दिवशी चुकलं आणि त्यानंतर रोज चुकत गेलं. माफ कर म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणतो.

हसवायचं हे. तो कोनाडा आता रिकामा आहे. कप आईनंच कधीतरी फोडून टाकला. कधी, ते ती सांगत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तू विचारायच्या आधी."

कल्याण


प्रेमचं पोस्टकार्ड

नांदेड, ७ फेब्रुवारी

कल्याण,

चारही पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून फाडली. चौथं ठेवलंय.

चार पत्रांत तू तुझ्या आईचं लिहिलंस, बायकोचं, अप्पारावचं, तलावावरच्या बदकांचं. माझी आई त्याच गावात राहते. तिची एक ओळ नाही.

पहिलीपासून बी.ए.पर्यंत पंधरा वर्षं तू मला बोलवायला आमच्या घरी यायचास. दारात उभा राहून "प्रेम, चल" एवढंच. आत कधी आला नाहीस. पाणीसुद्धा प्यायला नाहीस. मी तेव्हा कपाचं मनावर घ्यायचो नाही, पण हे घ्यायचो. आई रोज विचारायची, "त्यो आत का येत न्हाई?"

सहल आमच्या घरापासून सुरू कर. पाहुण्यांची न्याहारी आईच्या हातची. ती हो म्हणाली तर मी येतो आणि लेणं सांगतो. तिला विचारायला तू जा. मी तिला काही सांगणार नाही.

प्रेम


गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रेम,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हातातच देईन. तरी लिहितोय, कारण लिहिलं नाही तर मी गावभर ओरडत सुटेन.

कार्ड काल आलं. दैवशालानं वाचलं, आईनं वाचून घेतलं. आई म्हणाली, "आज न्हाई, उद्या सकाळी जा. आंघोळ करून जा. रिकाम्या पोटी जा." मी सकाळी सातला निघालो. आणि मूर्खपणा बघ, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शिराझची एक बाटली घेतली, चांगल्या कागदात गुंडाळून.

तुमच्या गल्लीत मी पंधरा वर्षं रोज यायचो, तरी तुमच्या दारापुढे तुळस नाही, जास्वंद आहे, हे मला आज दिसलं. तुझ्या आई अंगण झाडत होत्या. मला बघून त्यांनी झाडू थांबवला. मी म्हणालो, "मावशी, आत येऊ का?" त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. पदर नीट केला आणि आत गेल्या. मी चप्पल काढून त्यांच्या मागे गेलो. दारात डोकं आपटलं. तुमचं दार बुटकं आहे हे मला कुठून माहीत असणार?

बसलो. बाटली पुढे केली. मावशींनी कागद सोडून बघितलं आणि म्हणाल्या, "ही कशाला आणली? प्रेमच्या बापानं बाबासायबाच्या फोटूपुढं हात जोडून सोडली व्हती. मरेस्तोवर थेंब घेतला न्हाई." भिंतीवर दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी, बाबासाहेबांची आणि तुझ्या वडिलांची. मला वाटलं जमीन दुभंगावी. बाटली कुठं ठेवू ते कळेना, मी ती पाठीमागे लपवली, लहान पोरासारखी. आणि मावशी हसल्या! प्रेम, तुझ्या आईला मी आयुष्यात पहिल्यांदा हसताना बघितलं. "ठिव तिकडं कोपऱ्यात," म्हणाल्या, "जाताना घेऊन जा. आता जेव."

ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी, कांदा. मी काही बोलायच्या आधी ताट समोर आलं. मी बोलायला लागलो, त्या दिवसाचं, माझं चुकलं म्हणून. त्यांनी हात वर केला.

"मला नगं सांगू," त्या म्हणाल्या. "माझं काय? म्या तुमच्या वावरात खुरपायला येत व्हते, तुझ्या मायनं वरून पाणी घातलं, म्या प्याले. म्या तुमाला दोस्त समजत नव्हते. पोरगं समजत व्हतं. म्हणून त्याला जास्त लागलं."

मी खाली बघून जेवत राहिलो. आमटी तिखट होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते आमटीमुळे असं मी सांगणार नाही. एक भाकर संपली. ताटात आमटी उरली होती. मी म्हणालो, "मावशी, अजून एक द्या."

मी एक मागितलेली, त्यांनी अर्धी जास्त दिली.

मग मी समोर बसलेला असतानाच त्यांनी तुला फोन लावला. तू पलीकडून काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं. "हां, आल्ता. बसलाय की. जेवला. न्हाई रं, म्या आग्रह न्हाई केला, त्यानंच मागून घेतली." मग बराच वेळ त्या ऐकत होत्या. मी कधी कुणाचं बोलणं असं कान देऊन ऐकलं नसेल, तेही ऐकू येत नसताना. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "पाव्हणे किती येऊन राह्यले?"

"बारा," मी म्हणालो.

"मंग पीठ आजच दळून आणाया पायजे."

प्रेम! मला उठून नाचायचं होतं, पण छत बुटकं आहे. त्यांनी ज्वारी पाखडून डब्यात भरली, आणि मी डबा उचलला. त्या नको म्हणाल्या, मी ऐकलं नाही. डबा डोक्यावर घेतला. तुमच्या गल्लीतून गिरणीला जायचं म्हणजे चौकातूनच जायचं, दुसरी वाट नाही. चौकात सकाळची गर्दी, चहाच्या टपरीवर सात-आठ जण, आणि मध्ये कोण? अप्पाराव. बशीत चहा ओतून पीत होता.

त्यानं डबा बघितला. "कल्याणराव, आज दळण घेऊन? दैवशाला माहेरी गेली का काय?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मंग कोणाचं हाय?"

टपरीवरचे सगळे बघत होते. फडताळापुढे थांबलो होतो तसाच मी थांबलो. मी म्हणालो, "बेबीनंदा मावशीचं. रविवारी त्यांच्याकडं न्याहारी हाय, प्रेम येऊन राह्यला." मोठ्यानं म्हणालो, पार देवळापर्यंत गेलं असेल.

अप्पारावनं बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला, मिशी पुसली. मग म्हणाला, "तर मंग जल्दी जा की. अकराला लाईट जाती."

एवढंच म्हणाला, प्रेम. ज्याला भिऊन मी चौदा वर्षं घालवली, तो माणूस एवढंच म्हणाला.

मी गिरणीच्या पायरीवर बसून हे लिहितोय. रांगेत माझ्या आधी दोन डबे आहेत. हसू येतंय आणि स्वतःला चार थोबाडीत माराव्या असंही वाटतंय. कागदावर पीठ पडलंय, झटकून वाच.

तुझा
कल्याण